भर दुपारचं भूत आणि एक कासारीण

खान्देशात धुकं पडत नाही. हिवाळ्यात तापीकाठी पहाटे थोडं पांढरं तरंगतं, केळीच्या बागांवर घटकाभर रेंगाळतं आणि ऊन वर आलं की गुमान निघून जातं. आणि माझा जीव नेमका ज्या जातीच्या कादंबऱ्यांवर, त्यांचं धुक्याशिवाय पान हलत नाही. कड्यावरचा पडका महाल, कुलूप घातलेलं दालन, घराण्याचं जुनं पाप, मध्यरात्री मेणबत्ती घेऊन जिना उतरणारी एक बाई, आणि शेवटी सगळा छडा लावणारीही तीच. हे सगळं उचलून अमळनेर-शिरपूरच्या पट्ट्यात कुठे ठेवता येईल, याचा विचार करत बसणं हा माझा रिकामपणचा उद्योग आहे. एसटीत खिडकीशी जागा मिळाली की सुरू होतो.

या सगळ्याची सुरुवात केली होरेस वॉलपोल नावाच्या एका इंग्रज उमरावानं, १७६४ साली, 'द कॅसल ऑफ ऑट्रांटो' लिहून. गंमत म्हणजे पहिल्या आवृत्तीवर त्यानं स्वतःचं नाव घातलंच नाही. जुन्या इटालियन पुस्तकाचं भाषांतर आहे म्हणून खपवली. म्हणजे गॉथिक कादंबरीचा जन्मच मुळी एका लबाडीतून झाला, आणि मला ते फार शोभून दिसतं. पुढे तीस वर्षांनी अ‍ॅन रॅडक्लिफनं त्यात मोठा बदल केला. तिच्याकडे भुताचा आवाज येतो, काळ्या पडद्यामागे काहीतरी भयंकर दिसतं, नायिका बेशुद्ध पडते, आणि पुस्तक संपता संपता कळतं की पडद्यामागे मेणाचा पुतळा होता. बऱ्याच वाचकांना हा विरस वाटतो. मला वाटतं, गुप्तहेर तिथेच जन्माला आला. भुताचा उलगडा करायचाच असं एकदा ठरलं की तो करणारं कुणीतरी लागतं. १८६४ साली लंडनमध्ये स्त्री-गुप्तहेराच्या कथांचं पुस्तक निघालं, तेव्हा तिथल्या पोलिसांत एकही बाई नव्हती. कागदावर ती आधी आली, चौकीत फार उशिरा.

आपल्याकडेही कादंबरी अवतरली ती गडकोट आणि अद्भुत घेऊनच. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची 'मुक्तामाला' १८६१ची, गुंजीकरांची 'मोचनगड' १८७१ची. दुसरीच्या तर नावातच गड. पण तेव्हाच्या त्या सगळ्या गोतावळ्यात नायिकेकडे काम एकच, संकटात सापडायचं. तिनं संकटाचा माग काढावा असं कुणाच्या मनात आलं नाही.

तर धुक्याचं काय करायचं? माझ्या फुईनं हा प्रश्न एका वाक्यात निकालात काढला. फुई म्हणजे माझ्या वडिलांची बहीण, वय ऐंशीच्या पुढे, दात तीन, कान दोन्ही शाबूत. तिला मी सांगत होते की इंग्रजी गोष्टींत भुतं रात्रीची निघतात. ती म्हणाली, "भूत दुपारले येस, रातले नही. रातले तेले बी झोप लागस."

बरोबरच आहे. वैशाखात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा दुपारी बारा ते चार गाव मेल्यासारखं पडलेलं असतं. दारं ओढून घेतलेली, कुत्री ओट्याखाली, रस्त्यावर फक्त वावटळ आणि तिच्यात गिरक्या घेणारा पाचोळा. बाहेरच्या लखलखाटातून वाड्यात पाऊल टाकलं की डोळ्यांपुढे आधी मिट्ट काळोख येतो, मग हळूहळू खांब, मग झोपाळा, मग झोपाळ्यावर बसलेलं माणूस. ते आपल्याला केव्हाचं बघत असतं. आम्हा पोरींना तिन्हीसांजेपेक्षा बारावरच्या वेळेचा धाक जास्त घातलेला. इंग्रजांना अंधार भितीदायक वाटतो, कारण त्यांच्याकडे ऊन सुखाचं आहे. आमच्याकडे उन्हाचीच भीती पुरते.

पडक्या महालांची ददात नाही. पारोळ्याचा भुईकोट आहे, गावाच्या मधोमध, खंदकासकट. झाशीच्या नेवाळकरांशी नातं सांगणारा. तापीकाठी थाळनेर आहे, जिथे फारुकी सुलतानांच्या कबरी आहेत आणि एक असा दिवस आहे जो कुठल्याही गॉथिक कादंबरीचा पाया होऊ शकेल. २७ फेब्रुवारी १८१८. होळकरांनी तहात किल्ला देऊन टाकलेला, सर थॉमस हिस्लॉपची फौज तो ताब्यात घ्यायला आलेली. किल्लेदार तुळशीराम मामा बाहेर येऊन शरण आला. आतल्या दाराशी मात्र इंग्रज अधिकारी आणि शिबंदी यांच्यात बोलाचाली सुरू झाली, एकाची भाषा दुसऱ्याला कळेना, आणि कुठल्या तरी क्षणी तलवारी चालल्या. अधिकारी पडले. मग आतली शिबंदी जवळपास सगळी कापली गेली आणि किल्लेदाराला फासावर लटकवलं. दगा झाला की नुसता गैरसमज, यावर पुढे विलायतेत पार्लमेंटपर्यंत वाद गेला. त्या दारापाशी नेमकं कोण काय बोललं, हे सांगायला उरलेच ते सगळे एका बाजूचे.

आणि खऱ्या माणसांतही आमच्याकडे गॉथिक कमी नाही. चाळीसगावला स्टेशनजवळ केकी मूस यांचा दगडी बंगला आहे. छायाचित्रकार, चित्रकार, शिल्पकार. मुंबईत जन्मलेला, विलायतेला जाऊन आलेला हा पारशी माणूस, चाळीसगावच्या त्या घरात राहायला लागला आणि १९८९च्या डिसेंबरात वारला तोवर क्वचितच बाहेर पडला. जवळजवळ पन्नास वर्षं. लोक सांगतात की प्रेयसीनं पंजाब मेलनं येईन म्हणून शब्द दिला होता, म्हणून ते रोज रात्री त्या गाडीच्या वेळी दार उघडं ठेवत, दोघांचं जेवण मांडत. मी हा बंगला बघायला गेले तेव्हा बरोबरचे सगळे हळहळले. हळहळण्यासारखंच आहे. पण मला तिथे उभ्या उभ्या वेगळीच चुटपुट लागली. ती का आली नाही? तिला येऊ दिलं नाही, की आलीच नाही, की शब्द दिलाच नव्हता? पन्नास वर्षं गाव त्यांच्या वाट बघण्याची गोष्ट सांगतंय आणि तिच्या न येण्याची गोष्ट कुणाकडेच नाही. स्त्री-गुप्तहेर मला हवी ती यासाठी. ती बंगल्यात शिरली असती आणि पहिला प्रश्न हाच विचारला असता.

माझी कादंबरी (लिहिलेली नाही, लिहीन असंही नाही) १८८१ साली घडते. साल उगाच निवडलेलं नाही. त्या वर्षी तापीच्या मुखाशी, सुरतेच्या कोर्टात विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेला नवजात मूल मारल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली. अपिलात ती उतरून काळ्या पाण्यावर आली. वर्तमानपत्रांनी बायकांच्या चालचलणुकीवर तोंडसुख घेतलं, आणि त्यावर भडकून आमच्या शेजारच्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली 'स्त्रीपुरुषतुलना' लिहिली. त्या पुस्तकाला सगळे निबंध म्हणतात. मला ते तपासाचा अहवाल वाटतं. गुन्हा घडला, आरोपी एकच उभी केली, दुसरा कुठे आहे, हा सवाल त्या पानापानावर विचारतात. पाचशे प्रती छापल्या गेल्या आणि पुढे जवळजवळ शंभर वर्षं ते कुणाला आठवलंही नाही. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा उजेडात आणलं.

तर १८८१. बोरीकाठचं एक गाव, देशमुखांचा वाडा, धाब्याचा, सागाच्या खांबांचा. घरात गोषा. धुळ्याहून फौजदार आलाच तरी त्याचा पंचनामा पडवीपाशी संपतो. पुढे माजघर, कोठीघर, बाळंतिणीची खोली, मागचं दार. गुन्हा तिकडे घडलेला आणि कायदा इकडे पान खात बसलेला. या वाड्यात इंग्रजी कादंबरीतला पाइपवाला हुशार पुरुष आणून ठेवा, त्याला पाणीसुद्धा घरातल्या बाईच्या हातून मिळणार नाही.

मग आत जाणार कोण? सुईण जाते, पण तिला बोलवावं लागतं आणि ती कशासाठी आली हे गावाला कळतं. कासारीण मात्र न बोलवता येते. डोक्यावर बांगड्यांची टोपली, सणाच्या आधी आठ दिवस घरोघर. आणि ती करते काय, तर घरातल्या एकूण एक सवाष्णीचा हात हातात घेते, दाबते, अंगठ्याची हाडं आत मुडपते, बांगडी चढवते. कुणाचा हात सुजलाय, कुणाचा वाळलाय, कोण सहाव्या महिन्यात आहे आणि अजून सांगितलेलं नाही, कुणाच्या मनगटावर बोटांचे वळ आहेत, हे सासूच्या आधी कासारणीला कळतं. आणि तिच्याशी बोलताना कुणी आवाज खाली घेत नाही. असा गुप्तहेर स्कॉटलंड यार्डला कुठून मिळणार?

गोष्ट सुरू होते आखाजीला. अक्षय्य तृतीया आमच्याकडे माहेरवाशिणींची. झोके, गौराईची गाणी, नव्या बांगड्या. पण आखाजीला आणखी एक गोष्ट होते. सालदाराचं साल संपतं. वर्षभर राबलेला गडी त्या दिवशी मोकळा होतो, हिशोब घेतो, हवं तर दुसऱ्याच्या दारी जातो. देशमुखांच्या जुन्या सालदारानं उद्यापासून येणार नाही असं सांगितलेलं, आणि आखाजीच्या भर दुपारी तो पेवात मेलेला सापडतो.

पेवाबद्दल जरा थांबून सांगते, कारण आता ते बघायला मिळत नाही. गावठाणाच्या पांढरीत मडक्याच्या आकाराचा खड्डा खणायचा, तोंड लहान, पोट मोठं, आतून सारवण आणि कडब्याचा थर, मग ज्वारी भरून तोंड मातीनं बंद. दाणा जिवंत असतो, बंद जागेत तो श्वास घेत राहतो. आतला प्राणवायू संपतो आणि जड कार्बन डायऑक्साइड तळाशी साचून राहतो. त्याला वास नसतो, रंग नसतो. म्हणून पेव उघडलं की लगेच आत उतरायचं नाही. आधी दोरीला दिवा बांधून सोडायचा. दिवा विझला तर थांबायचं. हे शाळेत न गेलेल्या माणसालाही ठाऊक होतं, आणि तरी पेवात माणसं मरत.

वाड्यातले पुरुष सांगतात, दिवा सोडला होता, छान जळत होता. मग मेला कसा? तर जखिणीनं ओढला. ही जखीण म्हणजे घरचीच, सात वर्षांपूर्वी विहिरीत पडून गेलेली थोरल्या पातीची विधवा सून. तेव्हापासून घरात काही वाईट झालं की ते तिच्या खात्यावर. मला नेहमी वाटतं, आपल्या वाड्यांतलं भूत म्हणजे घाईघाईनं मिटवलेली एखादी फिर्याद असते. नाव बाईचं, गुन्हा दुसऱ्याचा.

कासारीण ओसरीच्या कोपऱ्यात बसून बांगड्या भरत असते. शेजारीच तो दिवा कुणीतरी आणून ठेवलाय. काठोकाठ तेल, आणि वात फक्त टोकाला काळी. तास-दोन तास जळला म्हणता, मग तेल कमी कसं नाही? म्हणजे दिवा आत गेला, लगेच विझला, वर उभ्या असलेल्यानं ते पाहिलं, आणि पाहूनही माणसाला खाली उतरवलं. ती काही बोलत नाही. पुढचा हात घेते. घरातली धाकटी लेक, सासरहून आलेली. बांगडी चढवायला पंजा दाबला तशी पोरगी कळवळते. तळहातावर दोरी घासल्याचा ताजा, लाल सोलवटा. कुणीतरी त्याला वर ओढायचा प्रयत्न केला होता. साक्षीदार सापडली, बांगडी चढायच्या आत.

इथवर फुईला पसंत होतं. मी पुढे सांगायला लागले की कासारीण मग घरातल्या धाकट्या विधवेशी बोलते, तशी फुई उसळली. "कासारीन रांडमुंड बाईना हात कसाले धरी वं?"

खरं होतं तिचं. जिच्या हातात बांगडी नाही तिच्यापाशी कासारणीचं काम काय? गावातला एकूण एक हात जिला ठाऊक, तिला नेमका हाच हात ठाऊक नाही. आणि नेमकं इथेच मला कथानकाचा दुसरा अर्धा भाग मिळाला, कारण पुढचं जे कोडं आहे ते कासारणीच्या आवाक्यातलं नाहीच. ते फक्त त्या विधवेला दिसू शकतं. तिच्याकडे कुणी बघत नाही, शुभकार्यात तर मुद्दाम बघत नाहीत. आणि ज्याच्याकडे कुणी बघत नाही तो सगळं बघत असतो.

श्रावणात कानबाई येते. नागपंचमीनंतरच्या रविवारी नारळात देवी बसते, सोमवारी नदीवर जाते, आणि मधल्या रात्रीत भाऊबंद जमून रोट खातात. रोट परक्यानं खायचे नाहीत. दळणाला धान्य घेताना आमच्याकडे घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू घेतात. पाळण्यातल्या पोराचीसुद्धा मोजायची. लहानपणी हे मोजताना मी मोठ्या मायच्या मांडीशी बसलेली असायचे, आणि माझी मूठ का नाही यावर एकदा मोठं रडगाणंही केलं होतं. (उत्तर मिळालं: "तू दुसराना घरनी.")

माझ्या कादंबरीत मूठ मोजते ती घरातली सगळ्यात म्हातारी बाई. सत्तरी ओलांडलेली, म्हणजे थाळनेरचं कांड झालं तेव्हा सात-आठ वर्षांची. तिच्या सासऱ्याचं वैभव त्या दिवसानंतर वाढलं आणि का वाढलं हे तिनं कधी विचारलं नाही. ती नावं घेत घेत गहू काढते. घरात पुरुष नऊ. मुठी पडतात दहा. दरवर्षी दहा. कोपऱ्यातली विधवा सून हे तीन वर्षं बघतेय. म्हातारी मोजायला चुकते असं सगळ्यांना वाटतं. पण चुकणारं माणूस कधी नऊ मोजेल, कधी अकरा. हिची चूक दरवर्षी तेवढीच कशी?

दहावी मूठ एका जिवंत पोराची आहे. विहिरीत गेलेल्या त्या सुनेला मूल झालं होतं, सालदारानं ते रातोरात बाहेर नेऊन वाढवायला दिलं, आणि आता साल संपल्यावर तो मोकळ्या तोंडानं गावात फिरणार होता. एवढं तर कुणीही ओळखेल. पण मुठीत याहून जास्त आहे. रोट परक्याचे नसतात. बाप बाहेरचा असता तर म्हातारीनं त्या पोराच्या नावानं गहू काढलेच नसते. तिनं काढले, म्हणजे बाप याच घरातला, रोटाला मांडी घालून बसलेल्या नऊ जणांतला एक. सुरतेच्या कोर्टानं जो प्रश्न विचारला नाही त्याचं उत्तर एका म्हातारीच्या पदरात गव्हाच्या रूपानं पडून होतं.

धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळात जुनी दफ्तरं बघितली की मला हेच आठवतं. राजवाडे १९२६ साली गेले ते धुळ्यातच. दुसऱ्या वर्षी लोकांनी मंडळ उभं केलं. वतनाचे कागद, महजर, तंटे, वाटण्या. किती जपून ठेवलंय सगळं! पण मुठीचा हिशोब कागदावर येत नाही. तो दळला जातो, रोट होतो आणि खाऊन संपवावा लागतो. (ताराबाईंच्या पुस्तकाच्या आदल्या वर्षी, या माझ्या काल्पनिक कानबाईला, पलीकडे आसोद्यात बहिणाबाई एक वर्षाची झाली असेल. तिची गाणीही जाता जाता वाचली. लेकानं टिपून ठेवली म्हणून.)

आता दोघींची गाठ घालायची कशी? तेही फुईनंच सोडवलं. "तिले मांगला दारले बसाड." मागच्या दाराशी. कासारीण गोठ्याच्या बाजूनं पाणी प्यायला येते, विधवा आतून तांब्या सरकवते, दार अर्धं लोटलेलं. एकीकडे दिवा आणि सोलवटलेला तळहात, दुसरीकडे दहावी मूठ. दोघींनाही एकमेकींचा चेहरा नीट दिसत नाही. इंग्रजी कादंबरीत एकच हुशार बाई सगळं उलगडते, दिवाणखान्यात सगळ्यांना जमवून भाषण ठोकते. गोष्यातल्या वाड्यात ज्ञान असं एकाच डोक्यात साठत नाही. ते दाराच्या दोन बाजूंना वाटलेलं असतं.

अडलंय ते पुढे. कळलेलं सांगायचं कुणाला? पुरावा म्हणून बाईची साक्ष कायद्याला चालत होती. पण गोष्यातल्या बाईनं कचेरीत पाऊल टाकायचं नाही, आणि तिचं म्हणणं घेऊन जाणारा पुरुष त्याच नऊ जणांतला. ही अडचण एवढी खरी होती की पुढे नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांनी पडद्यातल्या बायकांची कायद्याची कामं करण्यात अर्धं आयुष्य घातलं. १९०४ साली बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्सनं, म्हणजे अज्ञान वारसांच्या आणि विधवांच्या इस्टेटी सांभाळणाऱ्या सरकारी खात्यानं, त्यांना त्याच कामाला नेमलं. पण माझी गोष्ट १८८१ची. सोराबजी तेव्हा चौदा वर्षांच्या. धुळ्याला रेल्वेसुद्धा नाही. कासारणीनं टोपली घेऊन चालत जावं आणि कलेक्टरच्या मडमेला बांगड्या भराव्यात, असा एक विचार आहे. मला तो जरा सोयीचा वाटतो. साहेबाच्या घरून न्याय येतो म्हटलं की थाळनेरचं दार आठवतं.

परवा फुईला फोनवर हे सगळं ऐकवलं. खुनी कोण, फौजदार काय करेल, यात तिला काडीचा रस नव्हता. तिचा प्रश्न एकच.

"पोऱ्यानं काय व्हयनं?"

मी म्हटलं, अजून ठरवलं नाही. त्याला कळवावं की न कळवावं, इथेच अडलंय. कळलं तर त्याचाही जीव धोक्यात.

"ते राहू दे. पहिले तेनं नाव सातबारावर लाव."

मी म्हटलं, फुई, १८८१ साली सातबारा नव्हता. ती म्हणाली, मग तेव्हा जे काय होतं त्याच्यावर लाव, आणि कुकर झाला म्हणून फोन ठेवला.